पाणी चढलं की जमीन खचली?

या महिन्याची पत्रं एकाखाली एक वाचताना लक्षात आलं, की निम्म्याहून अधिक लोकांनी एकच शब्द वापरलाय: ‘मूळचं’. समुद्राची मूळची पातळी, वाळवंटाचं मूळचं रूप, पृथ्वीचं मूळचं हवामान. हा शब्द दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते. समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळ्या उघडून बघायच्या, हेच काम मी एकतीस वर्षं केलं. त्या गाळात ‘मूळचं’ असं मला कधी काही भेटलं नाही. जे होतं ते आधीच्या कशावर तरी बसलेलं होतं. तेव्हा उत्तरं देताना कुठे माझा सूर चढला, तर राग त्या शब्दावर आहे, तुमच्यावर नाही.

एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष आहेत असं वाचलं. म्हणजे मूळचा समुद्र तिथवर उंच होता का?

नाही, आणि हे साध्या बेरजेनं कळतं. आज पृथ्वीवर आहे तेवढा सगळा बर्फ वितळला, तरी समुद्र ६५ ते ७० मीटर चढेल. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर. बाकीचं पाणी आणायचं कुठून?

पाणी वर गेलं नाही, तळ वर आला. माथ्यावरचा दगड चुनखडीचा आहे, ४५ ते ४७ कोटी वर्षांपूर्वीचा. अशा दगडाची कपची काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासायची आणि भिंगाखाली धरायची. तिच्यात ट्रायलोबाइट या आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या कवचांचे तुकडे आणि समुद्रकमळांच्या देठांच्या चकत्या दिसतात. ही मंडळी गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात राहायची. पुढे त्या खंडातून भारताचा तुकडा सुटला, काही काळ तर वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं उत्तरेला पळाला (भूपट्टांच्या जगात याला चौखूर उधळणं म्हणतात), आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला. मधल्या टेथिस समुद्राचा तळ बहुतेक सगळा आशियाच्या पोटाखाली गेला. किनाऱ्यालगतचा जुना गाळ मात्र घड्या पडत, एकमेकांवर चढत वर आला. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकतोच आहे.

पण या पर्वताची माझी लाडकी गोष्ट शिखरावरची नाही, ओळंब्याची आहे. एकोणिसाव्या शतकात भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. कलियाणा आणि कलियाणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं होतं: एकदा जमिनीवर त्रिकोण आखत जाऊन आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत ५.२४ विकलांची तफावत निघाली. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, तेव्हा जमिनीवर हा फरक दीडशे मीटरांहून थोडा जास्त. ताऱ्यांच्या रीतीत ‘खाली’ म्हणजे कुठे हे ओळंबा सांगतो, आणि शेजारी हिमालयासारखा धिप्पाड पर्वत असेल तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. इथवर सगळ्यांना पटलं. मग कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि उत्तम गणिती जॉन प्रॅट यांनी पर्वताच्या वजनावरून ही ओढ किती असायला हवी याचा हिशेब मांडला. उत्तर आलं जवळजवळ १६ विकला. ओळंबा वाकला होता खरा, पण वाकायला हवा त्याच्या एक तृतीयांशच!

आकडा जास्त निघाला असता तर मोजणाऱ्यांची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. कमी निघाला, म्हणजे पर्वत दिसतो तेवढा जड नाही. हे झालं १८५५ मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की पर्वताला खाली मूळ असतं. हलक्या खडकाचं हे मूळ खालच्या जड खडकात रुतलेलं असतं, पाण्यात लाकडाचा ओंडका असावा तसं. वर दिसतो त्याच्या कितीतरी पट पर्वत खाली असतो. पर्वत तरंगतात, हे माणसाला एका दोरीनं आणि तिच्या टोकाच्या गोळ्यानं कळलं. विद्यार्थ्यांना मी हे सांगायचे तेव्हा एखादा तरी पोरगा खिडकीबाहेर बघायचा थांबायचा.

तरंगण्याचा एक परिणाम लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल. माल उतरवला की नाव वर येते. तसा पाऊस आणि हिमनद्या माथा झिजवतात आणि पर्वत वर उचलला जातो. उतरवलेला माल जातो समुद्रात. हिमालयाचा चुरा गंगा-ब्रह्मपुत्रेनं नेऊन बंगालच्या उपसागराच्या तळाशी पसरलाय. गाळाचा तो पंखा सुमारे ३,००० किलोमीटर लांब आहे, विषुववृत्त ओलांडून पलीकडे गेलेला. माथ्यावरचा समुद्राचा दगड पुन्हा समुद्रात.

समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात, पण उत्तर युरोपात काही ठिकाणी समुद्र मागे हटतोय असंही वाचलं. कोणीतरी चुकीचं सांगतंय. कोण?

दोघंही बरोबर सांगतायत. चूक प्रश्नाच्या मांडणीत आहे, आणि ती तुमच्या आधी फार थोर माणसांनी केलेली आहे.

स्वीडनच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, की समुद्र हटतो. तिथे सील माशांची शिकार चालायची. (सील मासा नव्हे हे मला माहीत आहे, पण बोलण्यात तसंच येतं.) पाण्यातून जेमतेम डोकं काढलेले खडक सीलना विसाव्याला आवडतात. त्यामुळे असे खडक मालकीचे असत आणि त्यांची किंमत कागदोपत्री नोंदलेली असे. काही पिढ्यांनंतर तोच खडक इतका वर आलेला असे, की सीलला त्यावर चढता येत नसे. तापमापकामुळे ज्यांचं नाव आपल्या तोंडी आहे त्या आंदेर्स सेल्सियस यांना या नोंदी महत्त्वाच्या वाटल्या. १७३१ मध्ये त्यांनी लोव्हग्रुंड बेटाजवळच्या एका खडकावर पाण्याच्या रेषेत खूण कोरून ठेवली. ती खूण आज पाण्याच्या बरीच वर आहे.

सेल्सियस यांचा निष्कर्ष: समुद्राचं पाणी कमी होतंय. निरीक्षण चोख, निष्कर्ष चुकीचा. तिथे जमीन वर येतेय. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या वजनानं खालचा खडक दबला. बर्फ वितळून दहा हजार वर्षं होत आली, पण खालचा गरम, घट्ट खडक एवढ्या संथपणे वाहतो की जमीन अजून सावरतेच आहे. बोथनियाच्या आखातात ती वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर वर येते. फिनलंडच्या बाजूला क्वार्केन द्वीपसमूहात समुद्रातून दर वर्षी साधारण एक चौरस किलोमीटर नवी जमीन डोकं काढते. काल जिथे होडी लागायची तिथे आज गवत. माल उतरवलेली नाव ती हीच.

खुणेवरून फसण्याचं दुसरं उदाहरण इटलीत आहे, नेपल्सजवळच्या पोत्झुओली गावात. तिथे रोमन काळातल्या बाजाराच्या आवारात संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. खालून साडेतीन मीटरपर्यंत खांब गुळगुळीत. त्याच्या वर पावणेतीन मीटरांचा पट्टा मात्र बोटभर भोकांनी चाळणी झालेला. ही भोकं दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांची आहेत, आणि हा शिंपला समुद्राच्या पाण्यातच जगतो. म्हणजे कोरड्या जमिनीवर बांधलेले खांब मधल्या काळात समुद्रात बुडाले आणि उभ्याउभ्याच पुन्हा बाहेर आले. खालचा भाग तेव्हा गाळामातीत गाडलेला होता, म्हणून शिंपल्यांपासून वाचला. चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात या खांबांचं चित्र अगदी पहिल्या पानाआधी छापलं. इथे बर्फाचा संबंध नाही. गावाखाली ज्वालामुखी आहे, आणि त्यातला शिलारस आणि वायू यांच्या दाबानं जमीन छातीसारखी वरखाली होते. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत ती जवळजवळ १.८ मीटर उचलली गेली होती.

आता तुमचा समुद्र. १९०० पासून जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. उपग्रहांची मोजमापं पाहिली तर हल्लीचा वेग वर्षाला तीन-चार मिलिमीटर आहे. गरम झालेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात उतरतो, ही दोन मुख्य कारणं. जिथे जमीन नऊ मिलिमीटर उचलली जाते तिथे समुद्र मागेच हटताना दिसणार. उलट जकार्तासारख्या ठिकाणी माणसांनी भूजल उपसून जमीन वर्षाला काही सेंटिमीटरसुद्धा खचवली, तिथे समुद्र धावून आल्यासारखा वाटणार. किनाऱ्यावर उभं राहून एका काठीनं मोजलं तर काठी सांगते ती फक्त वजाबाकी. पाणी किती आणि जमीन किती, हे तिला कळत नाही.

मी सातवीत आहे. नद्या रोज समुद्रात क्षार नेतात, मग समुद्र रोज जास्त खारट होतो का? आणि नद्या का खारट नाहीत?

प्रश्न झकास आहे. आयर्लंडचे जॉन जोली यांनी अगदी हाच विचार करून १८९९ मध्ये पृथ्वीचं वय काढलं होतं. समुद्रात एकूण सोडियम किती, नद्या दर वर्षी किती आणतात, भाग द्या. उत्तर आलं आठ-नऊ कोटी वर्षं. खरं वय ४५४ कोटी. गणित बरोबर होतं, पण त्यांनी धरलं की समुद्रात गेलेला क्षार बाहेर येतच नाही. टाकीला नळ आहे हे त्यांनी पाहिलं, तळाच्या गळत्या पाहिल्या नाहीत.

नद्यांच्या पाण्यात क्षार असतात, पण थोडे. आणि वेगळे! नदीत जास्त करून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, समुद्रात सोडियम आणि क्लोराइड. असं का? कॅल्शियम आल्या आल्या प्रवाळ, शिंपले आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्याची घरं बांधतात. सोडियमला असं कोणी गिऱ्हाईक नाही, म्हणून ते करोडो वर्षं पाण्यात भटकत राहतं. क्लोराइडचा मोठा वाटा तर नद्यांनी आणलेलाच नाही, तो पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींच्या वायूंमधून आला. आज एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि येणं-जाणं जवळजवळ सारखं असल्यामुळे हा आकडा फार काळ थोडाफारच इकडेतिकडे होत आलाय.

आता ‘जाणं’ कसं, त्याची एक गोष्ट. १९७० मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ नावाचं जहाज भूमध्य समुद्राच्या तळात भोकं पाडत होतं. खोल समुद्राच्या तळातून मऊ गाळ यायला हवा, आणि नळीतून वर आले जिप्समचे खडे. जिप्सम तयार होतं ते उन्हात पाणी आटताना! पुढे त्याखाली मिठाचे प्रचंड थर आहेत हे पक्कं झालं, काही ठिकाणी दीड किलोमीटरहून जाड. झालं होतं असं: सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरजवळची जमीन उचलली गेली आणि अटलांटिकचं पाणी आत येईना. भूमध्य समुद्रात नद्या जेवढं पाणी आणतात त्यापेक्षा जास्त उन्हानं उडतं. समुद्र आटत गेला आणि जगातल्या सगळ्या समुद्रांच्या मिठापैकी अंदाजे पाच टक्के मीठ तिथे कोंडलं गेलं. तो पूर्ण कोरडा पडला की तळाशी खारी डबकी राहिली, यावर आमच्या लोकांत अजून कडाक्याची भांडणं होतात. समुद्र खाली गेला म्हणून त्याला मिळणाऱ्या नद्यांनीही आपली पात्रं खोल कापली. पुढे नाईलवर आस्वानचं धरण बांधताना पायासाठी भोकं घेतली, तर नदीच्या आजच्या पात्राखाली, समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत, ग्रॅनाइटमध्ये कापलेली अरुंद दरी सापडली. ती आजच्या समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटरहून खाली जाते आणि तिच्यात समुद्राचा गाळ भरलेला होता. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टर फुटलं आणि अटलांटिक परत आला, तेव्हाचा.

समुद्राच्या मध्यभागी सतत नवा तळ तयार होतो म्हणतात. मग पृथ्वी फुगत चाललीय का?

नाही. जेवढा तळ एकीकडे निघतो तेवढा दुसरीकडे खंदकांमध्ये खाली जातो. म्हणूनच खंडांवर ४०० कोटी वर्षांचे दगड सापडतात आणि समुद्राच्या तळाला सुमारे १८ कोटी वर्षांहून जुना भाग जवळजवळ कुठेच नाही. समुद्र म्हातारा, त्याची जमीन तरुण.

या प्रश्नाच्या निमित्तानं मेरी थार्प यांचं नाव घेते. बायकांना संशोधनाच्या जहाजावर घेत नसत, त्या काळात ही बाई न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत टेबलाशी बसून जहाजांनी आणलेल्या खोलीच्या मोजण्या कागदावर उतरवायची. अटलांटिक आडवा ओलांडणारे सहा छेद तिनं एकाखाली एक मांडले, १९५२ मध्ये. मधल्या डोंगररांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खाच दिसत होती. तिनं सांगितलं, ही भेगेची दरी आहे, इथे तळ फाटतोय. सहकारी ब्रूस हीझन यांनी ‘या बायकी गप्पा’ म्हणून ते उडवून लावलं. मग शेजारच्याच टेबलावर दुसरा एक जण त्याच प्रमाणात भूकंपांची केंद्रं नकाशावर टिपत होता. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले, तर ठिपके नेमके त्या खाचेत पडले. हीझनना मानावं लागलं. मी पहिल्यांदा जहाजावर गेले तेव्हा एका वरिष्ठानं ‘तुम्हाला बोट लागेल’ म्हणून काळजी दाखवली होती. बोट त्यालाच लागली.

पूर्वी वर्षात ३६५ पेक्षा जास्त दिवस होते असं मुलीनं शाळेतून येऊन सांगितलं. खरं का?

खरं आहे, तिला शाबासकी द्या. वर्ष तेवढंच होतं, दिवस लहान होता. प्रवाळ आपल्या सांगाड्यावर रोज एक बारीक रेघ चढवतात, आणि ऋतूंमुळे वर्षाचे जाड पट्टेही उमटतात. जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातल्या, म्हणजे ३७-३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या रेघा मोजल्या. एका वर्षाच्या पट्ट्यात त्या सुमारे ४०० भरल्या. म्हणजे दिवस जवळपास २२ तासांचा. भरती-ओहोटीचं पाणी तळाशी घासत पृथ्वीच्या फिरण्याला किंचित लगाम घालतं, आणि त्यापायी चंद्रही वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलंय.

सहारा हे मूळचं वाळवंट आहे की माणसानं केलं?

पुन्हा ‘मूळचं’! सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तिथे गवताळ माळ आणि तळी होती, खडकांवर पाणघोडे कोरलेले आहेत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तर गोलार्धाला मिळणारं ऊन काही हजार वर्षांत कमीजास्त होतं, आणि आफ्रिकेचा मोसमी पाऊस त्याच्या मागे वरखाली सरकतो. सहारा त्याआधीही अनेकदा हिरवा झालाय आणि सुकलाय. चाड देशातल्या एका आटलेल्या तळ्याचा तळ, बोडेले म्हणतात त्याला, आज जगातल्या सर्वात धुळकट जागांपैकी एक आहे. ती धूळ म्हणजे तळ्यात जगलेल्या डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं. वारा ती अटलांटिकपार नेतो आणि अॅमेझॉनच्या जंगलाला त्यातून फॉस्फरस मिळतो. मेलेल्या तळ्यावर एक जंगल जगतंय.

मी निवृत्त अभियंता आहे. हवामान कोट्यवधी वर्षं बदलतच आलंय हे तुम्हीच लिहिता. मग आत्ताच्या बदलाचा एवढा गवगवा कशाला?

तुमच्या पत्रातला टोमणा पोचला. उत्तर जरा सविस्तर देते, कारण यात माझी स्वतःची एक फजिती आहे.

समुद्रतळाचा कोअर म्हणजे लांब नळीत भरून आलेला गाळ. जहाजावर त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात आणि दोन्ही तोंडांना टोप्या बसवतात. वरच्या टोकाला निळी, खालच्या टोकाला पारदर्शक. मग नळी उभी चिरायची. आत राखाडी-हिरवट, लोण्यासारखा गाळ असतो, वर एक मंद कुजका वास. ठरावीक अंतरावर चिमूटभर गाळ घ्यायचा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली धुवायचा. माती निघून जाते, चाळणीवर पांढऱ्या रव्यासारखे कण उरतात. भिंगाखाली तो रवा नसतो, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं असतात, छोटे छोटे फुगे एकमेकांना चिकटवल्यासारखी. ओल्या बारीक कुंचल्याच्या टोकानं एका जातीची वीस-तीस कवचं एकेक करून उचलायची. मान मोडते.

या कवचांत ऑक्सिजन असतो, हलका १६ आणि जड १८. हलक्या ऑक्सिजनचं पाणी चटकन वाफ होतं. हिमयुगात ती वाफ खंडांवर बर्फ होऊन अडकते, समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि त्या काळी बांधलेल्या कवचात त्याची नोंद राहते. म्हणजे समुद्राच्या तळाशी बसून जमिनीवरचा बर्फ मोजता येतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तुकडा असा पूर्ण केला आणि आलेख घेऊन मोठ्या झोकात वरिष्ठांकडे गेले. त्यांनी अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाले, ‘टोप्या तपासा.’ मी धुताना टोप्या काढल्या होत्या आणि उलट्या बसवल्या होत्या. तीन आठवड्यांचं काम उलट्या क्रमानं झालेलं. त्यांना कसं कळलं? खुल्या समुद्रात हजार वर्षांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर गाळ बसतो, म्हणजे त्या दीड मीटरमध्ये एक अख्खं हिमयुग होतं. माझ्या आलेखात बर्फ धाडकन साचत होता आणि हळूहळू वितळत होता. ‘बर्फ असा वागत नाही,’ ते म्हणाले. ‘साचतो सावकाश, जातो धाडकन.’ करवतीच्या दातांसारखा आकार असतो तो, आणि दात कुठल्या बाजूला झुकलेत यावरून नळीचं तोंड कळतं.

हे दात कशामुळे? पृथ्वीच्या कक्षेचा आकार साधारण १,००,००० वर्षांत बदलतो, आसाचा कल ४१,००० वर्षांत आणि भोवऱ्यासारखं डुलणं सुमारे २३,००० वर्षांत. ही कल्पना जेम्स क्रॉल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. ते ग्लासगोच्या एका संस्थेच्या संग्रहालयात शिपाई होते आणि रिकाम्या वेळात तिथल्या ग्रंथालयात वाचत बसत. सर्बियाचे मिलुटिन मिलान्कोविच यांनी तिचं गणित हातानं, वर्षानुवर्षं बसून केलं. आणि १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या कोअरमध्ये हे ठेके सापडल्याचं दाखवलं. तर हवामान बदलतं, आणि का बदलतं हे बऱ्यापैकी कळलेलं आहे.

आता तुमच्या भाषेत आकडे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत ८,००,००० वर्षांची हवा कोंडलेली आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिला. शेवटचं हिमयुग संपताना तो साधारण ८० भागांनी वाढला, आणि त्याला हजारो वर्षं लागली. आपण औद्योगिक काळात, दोन-अडीच शतकांत, तो २८० वरून ४२० च्या वर नेला. यात कक्षेचा हात नाही. कक्षा एवढी चपळ नाही.

जुना इतिहास आणखी मागे जाऊन वाचायचा तर ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा प्रसंग बघा. तेव्हा हवेत आणि समुद्रात कार्बनचा मोठा लोंढा आला आणि काही हजार वर्षांत पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली. त्या काळाचा एक कोअर मी साठवणीच्या थंड खोलीत पाहिलाय. खालून येणारा गाळ फिकट, जवळजवळ पांढरा, सगळी चुन्याची कवचं. आणि मग एकदम, पट्टीनं रेघ मारावी तशी, तपकिरी-लाल चिकणमाती. पांढरं सगळं गायब. समुद्र इतका आम्लधर्मी झाला होता की तळाशी पोचलेली कवचं विरघळून गेली. वर सरकत गेलं की पांढरा रंग हळूहळू परत येतो. सगळं पुन्हा ठिकाणावर यायला दीडएक लाख वर्षं लागली. खडक झिजताना कार्बन पकडतात आणि नद्या तो समुद्रात नेऊन पुरतात, पृथ्वीची ही दुरुस्तीची रीत खात्रीची आहे. तिला घाई नाही एवढंच. तुम्ही पूल बांधलेत, तेव्हा भार किती याच्याइतकंच तो किती झपाट्यानं येतो हे का बघतात, ते मी तुम्हाला काय सांगणार?

सोबत एका दगडाचा फोटो पाठवतेय. त्यावर नेच्याच्या पानाचा जीवाश्म आहे. किती जुना असेल?

फोटो सुंदर आहे, पण हे पान नाही. दगडाच्या भेगेत पाणी झिरपलं, त्यातलं मॅंगनीज फांद्याफांद्यांनी पसरत साचलं. आम्ही याला डेंड्राइट म्हणतो. खऱ्या पानाला मधली शीर असते आणि दोन्ही बाजूंच्या पाकळ्या ठरावीक जागी फुटतात. तुमच्या नक्षीत फांद्या भेगेच्या कडेपासून निघून वाटेल तशा फुटल्यात. हिरमुसू नका, मीही पहिल्या वर्षी फसले होते.

आकार मात्र सांगता येत नाही. फोटोत दगडाशिवाय काहीच नाही, त्यामुळे तो नखाएवढा आहे की टेबलाएवढा हे कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी शेजारी एक पट्टी ठेवा. पट्टी नसली तर पेनही चालेल.